ऋषींच्या पंगतीला मक्याचं कणीस

गणेश चतुर्थीच्या दुपारी मोदकांवर तुपाची धार धरून जेवलेलं घर दुसऱ्या दिवशी एकदम साधं होऊन जातं. कढईत तेल पडत नाही, फोडणीचा वास येत नाही, मसाल्याचा डबा फडताळात बंद राहतो. ओट्यावर मोठं पातेलं चढतं आणि त्यात अळूचे देठ, लाल माठाचे देठ, कणसाचे तुकडे, लाल भोपळा, पडवळ, दोडकं, भेंडी, काकडी असं एकापाठोपाठ एक पडत जातं. ही ऋषीची भाजी. कोकणात काही घरी तिला नुसतं 'कंदमूळ' म्हणतात. लहानपणी आम्ही भावंडं तिला 'शिक्षेची भाजी' म्हणत असू. काल एवढे मोदक खाल्लेत ना, मग आज हे गिळा, असा तिचा अर्थ आम्ही लावला होता. वय वाढलं तसं मोदक दोन कमी चालतील, पण या भाजीचं पातेलं मोठं हवं, असं वाटू लागलं.

भाद्रपद शुद्ध पंचमी म्हणजे ऋषिपंचमी. कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी, वसिष्ठ हे सात ऋषी आणि त्यांच्या जोडीला अरुंधती यांची त्या दिवशी पूजा होते. व्रत करणाऱ्या बायका आघाड्याच्या काड्यांनी दात घासून, स्नान करून पूजा मांडतात. आणि त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा या व्रताचा नियम. नांगरलेल्या शेतातलं धान्य बाद. परसात हाताने खणून लावलेलं, कुंपणावर चढलेलं, तळ्याच्या काठी आपोआप उगवलेलं तेवढंच चालतं. म्हणून ताटात रोजच्या भाताऐवजी देवभात किंवा वरीचे तांदूळ. तेलाच्या घाण्याला बैलच जुंपलेला असे, तेव्हा तेलही ओघानेच गेलं. उसाच्या चरकालाही तोच, म्हणजे काटेकोर पाहायचं तर गूळही नको. उरलं काय, तर मीठ, ओली मिरची, ओलं खोबरं आणि आंबटपणासाठी चिंच नाहीतर अंबाडीचा पाला. एवढ्यावर ही भाजी उभी असते. श्रावणी अमावास्येला जिथे पोळा होतो, तिथे बैलाच्या पाठीवरची झूल उतरवून पाच दिवस झालेले असतात, आणि लगेच हा दुसरा दिवस त्याच्या नावाचा येतो. पोळ्याला त्याला पुरणपोळी भरवायची आणि पंचमीला त्याचं काही खायचं नाही. पंचांगात या दोन गोष्टी इतक्या जवळ आहेत, हे माझ्या लक्षात यायला वयाची चाळिशी उलटावी लागली.

दरवर्षी हे दिवस आले की घरातल्या आणि शेजारच्या मुली-सुनांचे प्रश्न सुरू होतात. मका मिळाला नाही तर चालेल का? फ्लॉवर घातला तर? कुकरमध्ये लावली तर? तूप-जिऱ्याची फोडणी दिली तर कुणी रागावेल का? प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात कुठेतरी अशी एक यादी असते की जी प्रत्यक्ष ऋषींनी भूर्जपत्रावर लिहून दिली आणि जिच्यात आपण खाडाखोड करतो आहोत. त्या यादीकडे एकदा नीट पाहायला हवं.

या भाजीतला मानाचा गडी म्हणजे मक्याचं कणीस. मुलं त्याच्यासाठीच पातेल्यात डाव घालून ढवळतात. हा मका अमेरिकेतला. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यानंतरच्या काळात मका आपल्याकडे रुजला. लाल भोपळाही तिकडचाच. आणि ज्या हिरव्या मिरचीवाचून या भाजीला काही चव राहणार नाही, तीही तिकडचीच. वसिष्ठांनी आणि अत्रींनी मिरची पाहिली असण्याचा संभवच नाही. अळू, पडवळ, दोडकं, काकडी हे आपल्याकडचे जुने रहिवासी, बाकीचे नंतर आले आणि पाटावर बसले. कुठल्याशा घरातल्या कुठल्याशा बाईने पहिल्यांदा या पातेल्यात परदेशी कणीस मोडून टाकलं असेल. तिला कुणी विचारलं असेल, 'हे काय नवीन?' तिने बहुधा सांगितलं असेल की परसात मीच टोकून लावलंय, बैल कुठे लागला? हे अर्थात माझं कल्पनाचित्र. पण मका आत आला तो नियमात बसला म्हणून, यादीत होता म्हणून नव्हे, एवढं मात्र मला खात्रीने वाटतं. आज आपण बरोबर उलटं करतो. यादी जपतो आणि नियम विसरतो.

नियमाबद्दल बोलायचं तर कहाणीबद्दलही बोलायला हवं. ती टाळून नुसती पाककृती सांगणं मला बरं वाटत नाही.

आमच्या घरी आजी हे व्रत करायची. पूजा झाली की पोथी काढून कहाणी वाचायची. एका ब्राह्मणाच्या बायकोने विटाळाच्या दिवसांत घरात शिवाशिव केली, त्या दोषाने ती पुढच्या जन्मी कुत्री झाली आणि तिच्या संपर्काने नवरा बैल झाला. दोघंही आपल्याच मुलाच्या दारात राहिली. बापाच्या श्राद्धाच्या दिवशी खिरीच्या भांड्यात सापाने गरळ टाकलं. ते कुत्रीने पाहिलं आणि ब्राह्मण मरू नयेत म्हणून भांड्याला तोंड लावलं. सुनेने तिला जळत्या लाकडाने मारलं. त्याच दिवशी मुलाने बैलाला दिवसभर नांगराला जुंपलं आणि उपाशी ठेवलं. रात्री गोठ्यात दोघं एकमेकांना आपलं दुःख सांगत होती, ते मुलाने ऐकलं. तो रानात ऋषींकडे गेला आणि त्यांनी त्याला हे व्रत सांगितलं.

माझी मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असताना तिने ती पोथी स्वतः वाचली. नंतर जेवायला बसल्यावर ताट बाजूला सारलं. "आई, पाळी आली म्हणून कुत्री होणार, आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून ही भाजी? मी नाही खाणार." मला काही सुचलं नाही. आजी तेव्हा खूप थकलेली होती. ती एवढंच म्हणाली, "नको वाचूस ती. जेव." मुलगी जेवली नाही. त्या दिवशी मला तिचा राग आला होता, हे कबूल करते. रात्री भांडी आवरताना मात्र तिचं काही चुकलं असं मला म्हणता येईना.

कहाणीचा अर्धा भाग मला तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही. बाईच्या शरीरधर्माला दोष ठरवून त्यावर व्रताचा उतारा देणं, हे माझ्या आजीने निमूट सोसलं. मी ते पुढे चालवणार नव्हते. पण दुसरा अर्धा भाग मनातून जात नाही. दिवसभर नांगर ओढून उपाशी उभा राहिलेला बैल, आणि माणसं वाचवून मार खाल्लेली कुत्री. ज्यांच्या कष्टावर घर चालतं त्यांच्याकडे घर पाहतसुद्धा नाही, असंही ही कहाणी सांगते, आणि बैलाला एक दिवस सुट्टी देणारा नियम या भागाशी जाऊन भिडतो. आजी गेल्यावर आमच्या घरात पोथी वाचणं थांबलं, व्रतही थांबलं, भाजी राहिली. आमच्या नात्यातल्या एक काकू म्हणतात, व्रत नाही तर ती ऋषीची भाजी कसली, मिक्स व्हेजिटेबल म्हणा. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. कारण सोडलं की कृती सैल पडते, हे मी पाहिलं आहे.

ती कशी सैल पडते? शहरांत आता या दिवशी चिरलेल्या भाज्यांची तयार पाकिटं मिळतात. वेळ वाचतो, आणि नोकरी करणाऱ्या बाईने ती घेतली तर मी तिला नावं ठेवणार नाही. पण त्यात अळूचे दोन तुकडे, गाजर, फरसबी, कधी फ्लॉवरचे तुरेही असतात. भाद्रपदात गाजर कुठलं? ते थंडीत, भोगीच्या भाजीत यायचं. तिथे बाजरीची भाकरी, तीळ, सोलाणे, पावटे, वांगी यांच्या संगतीत ते राजासारखं बसतं. दुसरी गंमत ट्रॅक्टरची. २०१९च्या पशुगणनेत बैलांची संख्या आधीच्या, म्हणजे २०१२च्या गणनेपेक्षा घटलेली दिसली. पुष्कळशी शेतं आता यंत्राने नांगरली जातात. म्हणजे अक्षराला धरून चालायचं तर ऋषिपंचमीला बासमतीचा पुलावही चालायला हवा, बैलाला त्रास नाही! असं कुणी करत नाही, कारण या नियमाचा गाभा हाताने लावलेलं, पावसावर वाढलेलं आणि घराजवळचं खाण्यात आहे, हे न सांगता सगळ्यांना कळतं. प्रयोग करायचे ते हा गाभा धरून करावेत. मग यादीतलं काय जातं आणि काय येतं याची मला तरी फिकीर नाही.

आधी मूळ भाजी. पाच-सहा माणसांना आठ-दहा अळूची पानं देठांसकट, लाल माठाचे जून देठ एक जुडी, दोन कणसं, पाव किलो लाल भोपळा, एक दोडकं, अर्धं पडवळ, मूठभर भेंडी, एक कच्चं केळं, सुरणाचा तुकडा आणि एक काकडी पुरे. तवसं मिळालं तर उत्तमच. अळूचे देठ सोलून घ्यावेत आणि सोलताना हाताला चिंच लावावी. कणसाचे दोन बोटं जाडीचे तुकडे आणि सुरण आधी वाटीभर पाण्यात शिजत ठेवावेत. मग अळू आणि माठाचे देठ, मग भोपळा आणि केळं, मग दोडकं, पडवळ, काकडी. पाणी आणखी घालू नये. दोडकं आणि काकडी आपलं पाणी सोडतात आणि त्या पाण्यात बाकीचं शिजतं. अळू मऊ झालं की चिंचेचा कोळ घालावा आणि त्याच्यानंतर भेंडी, म्हणजे तार सुटत नाही. शेवटी ठेचलेली मिरची, मीठ आणि अर्ध्या नारळाचं खोबरं. कुकर मी एकदाच वापरला. तीन शिट्ट्यांनंतर आत जे होतं त्यातलं भोपळा कुठला आणि पडवळ कुठलं, हे ऋषींनाही ओळखता आलं नसतं.

आंबटाबद्दल एक इशारा. अळूमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, घसा खवखवतो तो त्यांच्यामुळे. आंबट घालून नीट शिजवलं की हा त्रास जाणवत नाही, असा पिढ्यांचा अनुभव आहे. एका वर्षी गप्पांच्या नादात मी चिंच विसरले. चव छान होती, पंगतही रंगली आणि दहा मिनिटांनी एकेक जण घसा खाकरू लागला. पाहुण्यांतले एक गृहस्थ फार सभ्य, ते शेवटपर्यंत म्हणत राहिले की हवा बदलली आहे.

आता फेरफार. सगळ्यात सोपा फेरफार आंबटाचाच. चिंचेऐवजी अंबाडीचा पाला चिरून अळूबरोबर शिजवला तर भाजीला एक हिरवट, जिवंत आंबटपणा येतो. कोकणात आणि गोव्यात याच सुमारास झाडाचे आंबाडे मिळतात, ते ठेचून घातले तर आणखी निराळी चव. त्यातच तिरफळं टाकली की आपण गोव्यातल्या खतखत्याच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहतो. खतखतं गणपतीतलंच, त्यातही कांदा-लसूण नाही आणि भाज्यांची भली मोठी जत्रा. पण त्यात तुरीची डाळ आणि खोबऱ्याचं वाटण असतं, गुळाचा खडा असतो. ते सणाचं पक्वान्न आहे. ऋषीची भाजी त्याची व्रतस्थ बहीण म्हणा.

देशावर नारळ कमी, तिथे दाण्याचं कूट घालतात. दाणे शेतातले, म्हणजे नियमाला थोडा धक्का बसतो, आणि चवही जड होते. मला खोबरंच आवडतं. पण सोलापूरच्या परसात माड कुठून आणायचा? तिथल्या बाईने जवळचं वापरलं, तेही गाभ्याला धरूनच.

माझा स्वतःचा लाडका प्रयोग हळदीच्या पानांचा. पातोळ्यांसाठी गणपतीच्या दिवसांत ही पानं बाजारात येतात आणि चार-सहा नेहमी उरतात. जाड बुडाच्या पातेल्यात ती पानं तळाला आणि कडेने लावायची. अळू आणि देठ आधी चिंच घालून वेगळे शिजवून घ्यायचे, यात हयगय नको. कणसं आणि सुरणही अर्धवट उकडून घ्यायचे. मग थर. तळाला कणीस आणि सुरण, त्यावर अळू, त्यावर भोपळा आणि केळं, वर दोडकं आणि पडवळ, सगळ्यात वर भेंडी. प्रत्येक थरावर मिरची, खोबरं आणि मीठ यांचा भरड ठेचा. वाटीभर दाट नारळाचं दूध वरून सोडायचं, हळदीच्या पानांनी झाकायचं, घट्ट झाकण ठेवून तव्यावर मंद आचेवर पाऊण तास. ओव्हन असेल तर १८० अंशांवर तासभर. इंग्रजी पुस्तकात याला कॅसरोल म्हणतील, म्हणोत. झाकण उघडल्यावर जो वास येतो तो पातोळ्यांचा आणि ओल्या परसाचा असतो. भाज्या मोडत नाहीत, प्रत्येकीचा रंग वेगळा राहतो. ढवळायची सोय नसल्यामुळे मुलांना कणीस शोधता येत नाही, एवढीच तक्रार.

ही कल्पना काही माझ्या डोक्यातून आभाळातून पडल्यासारखी आली नाही. रायगडात थंडीत पोपटी लावतात, मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, पाण्याचा थेंब नाही. सुरतेकडे उंधियूचं मडकं उलटं पुरतात. पाला आणि वाफ यांची ही जुनी युक्ती मी फक्त भाद्रपदात आणली. कणीस आधी निखाऱ्यावर नुसतं चटकवून मग तुकडे केले तर पोपटीचा थोडा धूरही भाजीत उतरतो. गॅसवर जाळी ठेवून केलं तरी जमतं.

यावर कुणी विचारेल, आमच्याकडे परसच नाही, हाताने लावलेलं आणू कुठून? माझ्या भाच्याची बायको न्यू जर्सीत असते. तिने पहिल्या वर्षी मला फोनवर दुःखाने सांगितलं की इथे काहीच मिळत नाही. मी विचारलं, परसात काय आहे? तर झुकिनी, काकड्या, घेवडा आणि लाल देठांचा स्विस चार्ड. अगं, तिकडे ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे ऐन भाजीपाल्याचा हंगाम, मक्याचासुद्धा! मुंबईच्या चौथ्या मजल्यावर ऋषिपंचमी जितकी अवघड, तितकी तिथे सोपी. लाल माठाच्या जागी चार्डचे देठ, दोडक्याच्या जागी झुकिनी, भोपळ्याच्या जागी बटरनट, शेजारच्या शेतातला मका. अळू नव्हतं, मी म्हटलं राहू दे. तिची भाजी फोटोत तरी आमच्या दादरच्या बाजारातल्या वाट्यापेक्षा ऋषींच्या जास्त जवळची दिसत होती. पुढच्या वर्षी हरणांनी कुंपण ओलांडून अर्धी बाग खाल्ली. आश्रमातली हरणं आली असतील, असं मी तिला सांगितलं, पण तिला ते विनोदी वाटलं नाही.

मुंबईच्या चौथ्या मजल्यावर आम्ही रंगाचा रिकामा डबा घासून-पुसून त्यात अळूचा कांदा लावला आहे. कोकणात अळू मोरीच्या पाण्यावर वाढतं, आमचं तांदूळ धुतलेल्या पाण्यावर वाढतं. सहा-सात पानं निघतात. बाकी सगळं विकतचं. पहाटे बाजारात वसई-पालघरकडून आलेल्या बायका पाटी घेऊन बसतात. त्यांच्याकडे लहान, वाकडी भेंडी आणि मातीचे हात लागलेले देठ मिळतात, तिथूनच घेते. त्यांच्यातली एक मला दरवर्षी विचारते, "उपास हाय का?" मी नाही म्हटलं की ती थोडी हिरमुसते, पण वर एक कणीस जास्त टाकते.

मुलगी आता तिशीत आहे, पुण्याला असते. ती अळू अजूनही खात नाही. ताटात वाढलं तर बाजूला सारते, कणसं वेचून घेते आणि दोन्ही हातांनी धरून चोखते. गेल्या वर्षी ती गणपतीला आली होती. पंचमीची उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या आधी उठून ताब्यात घेतली. लोखंडी कढईत तेल, भरपूर ठेचलेला लसूण, सुकी मिरची, चरचरीत फोडणी, आणि वर ती सगळी भाजी कोरडी होईपर्यंत परतलेली. सोबत ज्वारीची भाकरी. नियमातलं काहीही शिल्लक ठेवलं नव्हतं तिने. मी दोनदा घेतली. गौरी यायच्या होत्या, घर आवरायचं होतं, म्हणून तिसऱ्यांदा घेतली नाही.